रंग उडाला म्हणून तक्रार

"डॉक्टर, तुमच्या लेटरहेडवर एवढंच लिहून द्या की या पक्ष्याला रंग लावलेला होता. पुढचं मी बघतो."

काकांनी पिंजरा टेबलावर ठेवला, शेजारी मोबाइल. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कागदाशिवाय कशावर विश्वास नाही. घोडबंदर रोडवरच्या माझ्या क्लिनिकमध्ये कुत्री-मांजरंच जास्त येतात. पक्षी आला तर लव्हबर्ड, नाहीतर कॉकॅटील. या पिंजऱ्यात मात्र चिमणीहून लहान असे दोन जीव एकमेकांना खेटून बसले होते. एक पोपटी हिरवा, दुसरा मातकट.

दिवाळीच्या आधी नातीसाठी त्यांनी ही जोडी घेतली होती. विकणाऱ्याने 'आफ्रिकन फिंच' सांगून चांगले पैसे उकळले होते. मोबाइलमधल्या फोटोत तो मातकट पक्षी गडद लाल दिसत होता, अंगभर पांढरे ठिपके, चोचसुद्धा लाल. फेब्रुवारी संपेपर्यंत सगळी लाली गेली होती. "हिरव्याचा रंग बघा, जसाच्या तसा. म्हणजे तो अस्सल. या लालच्यात फसवलं मला," काकांची तक्रार अशी.

मी आधी मातकट पक्षी हातात घेतला. इतक्या लहान पक्ष्याला धरताना छाती दाबायची नसते. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं; छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. मूठ आवळली की गुदमरून मरतो. काट्यावर तो दहा ग्रॅमच्या आतबाहेर भरला, दहाच्या नाण्याहून किंचित जड. पाठ तपकिरी, पोट पिवळट, चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ, पंखांवर बारीक पांढरे ठिपके. शेपटीच्या मुळाशी पिसं बाजूला सारली तर तिथे अजून लाल. रंग लावल्याची एकही खूण नाही.

ही लाल मुनिया, आपल्या पुस्तकांतली लाल मनोली. आफ्रिकेशी संबंध नाही, अस्सल भारतीय पक्षी. पाण्याजवळचं उंच गवत, बोरूची बेटं, शेताचे बांध ही हिची जागा. थव्याने येतात, गवताच्या काडीला लटकून बी सोलतात, बारीक, उंच आवाजात एकमेकांना साद घालत राहतात. झुडपात जमिनीलगत गवताचं गोल घरटं बांधून पाच-सहा पांढरी अंडी घालतात. आणि नराची गंमत अशी की विणीचा हंगाम सरला की तो लाल पिसं टाकून देतो आणि मादीसारखाच साधा दिसू लागतो. मुनियांच्या कुळात ही सवय फार थोड्यांना आहे. मे महिन्यात चोच पुन्हा लाल व्हायला लागते आणि पावसाळ्यात नर परत लाल.

मग हिरव्याची पाळी. त्याला पाहताक्षणीच शंका आली होती, कारण हिरवा रंग पायांच्या खवल्यांवरही होता आणि चोचीच्या मुळाशी, कातडीवरसुद्धा. खऱ्या हिरव्या पिसांत कुठे फिकं, कुठे गडद असतं. इथे भिंतीला मारल्यासारखा सपाट रंग. पिसांचे धागे एकमेकांना चिकटलेले. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पंखावरून अलगद फिरवला, कापूस पोपटी झाला. पाठीवर फुंकर मारली तर पिसांच्या मुळाशी करडं-तपकिरी आणि कमरेवर पांढरं. जाड राखाडी चोच, टोकदार शेपूट. हा सिल्व्हरबिल. हाही मुनियांच्याच कुळातला, माळावर आणि बाभळीत सर्रास दिसणारा. दिसायला फिका, म्हणून याच्यावर कुठलाही रंग छान चढतो, हे पकडणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

काका कापसाकडे बघत राहिले. "म्हणजे उडाला तो खरा आणि टिकला तो खोटा?"

"हो. आणि दोन्ही विकणं गुन्हा."

हा भाग सांगताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं, कारण समोरचा माणूस बहुधा नातवंडांच्या हौसेपायी आलेला असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुनिया, मैना, आपला हिरवा पोपट असे देशी रानपक्षी पकडता, विकता किंवा घरात ठेवता येत नाहीत. परदेशी नाव लावलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं, रंगाचा खटाटोप त्यासाठीच. काकांचा चेहरा उतरला. पोलीस येतील का, पेन्शन थांबेल का, असे प्रश्न सुरू झाले. मी म्हटलं, "काका, स्वतःहून पक्षी वन विभागाच्या हवाली करा, कुठून घेतले तेही सांगा. लपवून ठेवलेत तर मात्र अडचण."

"आणि रंग धुऊन नाही का टाकता येणार? निदान तेवढं तरी करा."

नाही येत. घासलं तर पिसं तुटतात, रसायन वापरलं तर कातडीतून आत जातं, आणि एवढासा पक्षी भिजला की थंडीनेच दगावतो. चोचीने पिसं साफ करताना तो रंग पोटातही जातच असतो. जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज नाही. मी दोघांना उबेत ठेवलं आणि वन विभागाला फोन लावला.

वनरक्षक येईपर्यंत काका बसून राहिले. जाताना लेटरहेडवर मी खरंच लिहून दिलं, पण वेगळं: एक नर लाल मुनिया, निसर्गतः रंग उतरलेला, एक सिल्व्हरबिल, कृत्रिम रंग लावलेला. काकांनी ते दोनदा वाचलं आणि त्याची झेरॉक्स मागितली. विकणाऱ्याची जागा त्यांनी वनरक्षकाला नकाशा काढून दाखवली, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीसकट.

वन विभागाने पक्षी ज्या उपचार केंद्रात नेले तिथे माझी ओळख आहे, म्हणून चौकशी करत राहिले. मुनिया जप्त केलेल्या इतर मुनियांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात उडायला लागली, मेअखेर तिच्या चोचीवर लाली आली, आणि पाऊस लागून गवत वाढल्यावर अख्खा थवाच खाडीकाठी सोडला. सिल्व्हरबिल मागे राहिला. पाठीवरचं हिरवं बरंचसं गळलं होतं, पण पंखांची लांब पिसं अजून चिकट होती. उडायचा, पण चार फुटांवर खाली यायचा. ती पिसं बदलल्याशिवाय त्याला सोडणार नव्हते.