ब्युनोस आयर्सचा गृहस्थ : रिकार्दो दारीन

वेंगुर्ला-सावंतवाडीच्या पट्ट्यात दशावतारी नटाला नाट्यशिक्षणासाठी कुठल्या शाळेत जावे लागत नाही. बाप राजाचे काम करत असेल तर मुलगा पेटाऱ्यांच्या आडोशाला झोपत, अर्ध्या रात्री पखवाज ऐकून जागा होत मोठा होतो आणि एखाद्या जत्रेत ऐन वेळी कोणी आजारी पडला की तोंडाला रंग लावून उभा राहतो. त्यामुळेच असेल, पण अर्जेंटिनाचा नट रिकार्दो दारीन याच्या बालपणाविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा ते मला मुळीच परके वाटले नाही. १६ जानेवारी १९५७ रोजी ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेल्या दारीनचे आईवडील दोघेही नट होते, वडिलांचे नावही रिकार्दो दारीनच, आणि हा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी त्यांच्यासोबत रंगमंचावर आला.

पुढची वीस-पंचवीस वर्षे थोडक्यात सांगितली तरी चालतील. ऐंशीच्या दशकात निळ्या डोळ्यांचा देखणा तरुण म्हणून तो दूरचित्रवाणीच्या प्रेममालिकांमध्ये लोकप्रिय झाला, नव्वदीत ‘मी कुन्यादो’ म्हणजे ‘माझा मेव्हणा’ या विनोदी मालिकेने त्याला घराघरांत पोहोचवले. अशा नटाचे आपल्याकडे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. चेहरा ओळखीचा होतो, उद्घाटनांना बोलावणी येतात आणि गंभीर काम देण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

दारीनच्या बाबतीत चित्र पालटले ते २००० साली, फाबियान बिएलिन्स्की या दिग्दर्शकाच्या ‘नुएवे रेइनास’ने. ‘नऊ राण्या’ हे त्यातल्या दुर्मीळ टपाल तिकिटांच्या संचाचे नाव, आणि त्या संचाची बनावट प्रत विकण्याचा डाव खेळणारा मार्कोस हा दारीनचा भामटा. त्यातला एक छोटा तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. मार्कोस नवख्या साथीदाराला भर रस्त्यावर उभा करतो आणि आजूबाजूच्या गर्दीत कोण पाकीटमार, कोण टेहळणी करणारा, कोण बॅगेवर डोळा ठेवून आहे, हे भराभरा सांगत सुटतो; कॅमेरा त्या त्या माणसावर जातो आणि आतापर्यंत साधी वाटणारी गर्दी एकाएकी चोरांनी भरून जाते. दारीन हे सगळे फुशारकी मारल्यासारखे सांगत नाही. बाजारात मासळी पारखणारी बाई खवले आणि कल्ले बघून ज्या तुटकपणे भाव सांगते, तसा त्याचा सूर आहे. चित्रपटाच्या अखेरीस एक बँक बुडते आणि हातातला धनादेश निव्वळ कागद ठरतो. सव्वा वर्षाने, डिसेंबर २००१ मध्ये, अर्जेंटिनाच्या सरकारने खरोखरच लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढण्यावर कडक मर्यादा घातली, तेव्हा हा शेवट तिथल्या प्रेक्षकांना कसा आठवला असेल याची कल्पना करता येते. बिएलिन्स्कीने दारीनसोबत २००५ मध्ये ‘एल आउरा’ हा चित्रपट केला आणि पुढच्याच वर्षी बिएलिन्स्की हृदयविकाराने गेला. दोनच चित्रपटांचा हा दिग्दर्शक आणखी जगता तर दारीनकडून काय काय काढून घेता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दारीनचा दुसरा मोठा सोबती म्हणजे दिग्दर्शक हुआन होसे काम्पानेया. ‘एल इखो दे ला नोव्हिया’ म्हणजे ‘नवरीचा मुलगा’ (२००१) यात दारीन हा उपाहारगृह चालवणारा, सतत फोनवर असणारा, कोणासाठीच वेळ नसलेला गृहस्थ आहे. आईची स्मृती नष्ट होत चालली आहे आणि वडिलांना, इतक्या वर्षांनी, तिच्याशी चर्चमध्ये लग्न लावायचे आहे. आईचे काम नोर्मा आलेआंद्रोने केले आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि २००९ चा ‘एल सेक्रेतो दे सुस ओखोस’ म्हणजे ‘त्यांच्या डोळ्यांतले गुपित’ याने २०१० मध्ये तो पुरस्कार अर्जेंटिनाला दुसऱ्यांदा मिळवून दिला. निवृत्त न्यायालयीन कर्मचारी बेंखामिन एस्पोसितो एका जुन्या खुनाच्या प्रकरणावर कादंबरी लिहायला बसतो, त्याची ही गोष्ट. लोक त्यातल्या फुटबॉलच्या मैदानातील लांबलचक, अखंड भासणाऱ्या दृश्याचे कौतुक करतात, आणि ते आहेच तसे. मला मात्र कचेरीतली दृश्ये अधिक मोलाची वाटतात. वरिष्ठ म्हणून आलेली, वयाने लहान, घराण्याने मोठी इरेने समोर बसून कामाचे काहीतरी सांगते आहे आणि एस्पोसितो ऐकतो आहे, एवढेच घडते. पण तो काय ऐकू इच्छित होता आणि प्रत्यक्षात काय ऐकावे लागले, हे दोन्ही दारीनच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसते.

माझ्या मते दारीनचे सारे मोठेपण या ऐकण्यात आहे. आपल्या रंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकाला दमदार वाक्यफेक आवडते, मलाही आवडते. परंतु समोरचा बोलत असताना नटाने काय करावे याचा धडा घ्यायचा असेल तर सेस्क गाय या स्पेनमधल्या कातालान दिग्दर्शकाचा ‘त्रूमान’ (२०१५) पाहावा. माद्रिदमध्ये राहणारा, कर्करोगाने थकलेला अर्जेंटिनी नट हुलियान उपचार थांबवायचे ठरवतो, आणि कॅनडाहून चार दिवसांसाठी आलेल्या मित्राला बरोबर घेऊन आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घर शोधत फिरतो. कुत्र्याला मालक गेल्याचे दुःख होते का, हे तो पशुवैद्याला विचारतो; डॉक्टर उत्तर देत असताना दारीन अगदी व्यवहारी माणसासारखा मान हलवत राहतो, आणि आपण मात्र अस्वस्थ होतो. सान सेबास्तियान चित्रपट महोत्सवात त्याला आणि मित्राचे काम करणाऱ्या हाविएर कामाराला मिळून सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तर २०१६ मध्ये स्पेनचा गोया पुरस्कारही दारीनकडे आला.

शांत माणूस म्हणून त्याची ओळख करून दिली तर मात्र ‘रेलातोस साल्वाखेस’ म्हणजे ‘रानटी कथा’ (२०१४) हा चित्रपट रागावेल. दामियान सिफ्रोनच्या या सहा कथांच्या चित्रपटात दारीन इमारती स्फोटकांनी पाडणारा अभियंता आहे. मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला उतरतो, तेवढ्यात त्याची गाडी उचलून नेली जाते. तिथे मनाई असल्याची खूण नव्हती, हे तो खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला पटवू पाहतो आणि उत्तर एकच, आधी दंड भरा. सातबाऱ्यासाठी किंवा वारसनोंदीसाठी ज्याने खिडक्या झिजवल्या आहेत त्याला इथे भाषांतराच्या ओळी वाचाव्याच लागत नाहीत. आमच्या घरी तो चित्रपट चालू असताना दाराशी आलेले एक काका उभ्या उभ्या ही गोष्ट संपेपर्यंत थांबले, आणि काच फुटली तेव्हा ‘बरा केल्यान!’ म्हणाले.

एवढे नाव झाल्यावर हॉलिवूडचे बोलावणे आले नसते तरच नवल. एका दूरचित्रवाणी मुलाखतीत दारीनने सांगितले की त्याला मेक्सिकन अमली पदार्थ विक्रेत्याची भूमिका देऊ केली होती आणि ती त्याने नाकारली, कारण अमली पदार्थांचे सर्व व्यापारी लॅटिन अमेरिकीच का असावेत, हा प्रश्न त्याला पडला. मुलाखत घेणाऱ्याने पैशांचा विषय लावून धरला, तेव्हा आपण दिवसातून दोनदा गरम पाण्याने अंघोळ करू शकतो, आणखी काय हवे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. यात थोडा अभिनय असेलही. तरीही ज्या मुलखातून प्रत्येक गुणी मुलाला मुंबईची गाडी धरावी लागते, तिथे बसून हे उत्तर ऐकताना कौतुकाबरोबर किंचित हेवाही वाटतो, कारण दारीनचे गाव आणि त्याच्या धंद्याची पेठ ही एकच आहे. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मोठ्या रंगमंचावर नेली खरी, पण त्यांनाही आधी मुंबई गाठावी लागलीच.

२०२२ च्या ‘आर्खेन्तिना, १९८५’ या चित्रपटात दारीनने लष्करी राजवटीच्या सेनाधिकाऱ्यांविरुद्ध खटला चालवणारे सरकारी वकील हुलिओ सेसार स्त्रासेरा उभे केले. मोठ्या मिशा, जाड चष्मा, सतत सिगारेट आणि घरी मुलीच्या मित्राविषयी उगाच चौकशा करणारा बाप. अनेक वकील या कामापासून दूर राहतात, म्हणून तो तरुण, अननुभवी मुलामुलींना घेऊन पुरावे गोळा करतो. अखेरचे भाषण दारीन गर्जना करत म्हणत नाही, कागदावरून वाचतो, घाबरलेल्या पण तयारी पूर्ण झालेल्या माणसासारखे.

त्यानंतर आली २०२५ ची ‘एल एतेर्नाउता’ ही मालिका. ज्या चित्रकथेवर ती आधारली आहे ती १९५७ मध्ये, म्हणजे दारीनच्या जन्मवर्षी, प्रसिद्ध होऊ लागली. तिचे लेखक एक्तोर खेर्मान ओएस्तेरेल्ड यांना आणि त्यांच्या चारही मुलींना त्याच लष्करी राजवटीने नाहीसे केले. मित्रांबरोबर पत्ते खेळत बसलेला हुआन साल्वो, बाहेर पडू लागलेला विषारी बर्फ, आणि मग घरातल्याच वस्तू जोडून बनवलेला मुखवटा चढवून ओस पडलेल्या रस्त्यावर निघालेला अडुसष्टीतला दारीन. चेहरा हीच ज्याची सारी मिळकत, त्याचा चेहरा इथे बराच वेळ झाकलेला आहे, आणि तरीही खांद्यांच्या ठेवणीवरून व पाऊल टाकण्यापूर्वी तो घेत असलेल्या विरामावरून माणूस ओळखू येतो. उत्तरार्धात मालिकेची पकड माझ्या मते सैल होते. पण पहिले दोन भाग, शक्य असेल तर मूळ स्पॅनिश आवाजात, जरूर पाहावेत.