रेस्क्यू सेंटरमधून ससा किंवा गिनीपिग आणताना: काय विचारायचं, काय बघायचं

रेस्क्यू सेंटरमधून ससा, गिनीपिग, हॅमस्टर किंवा पाळीव उंदीर घ्यायचा ठरला, की दत्तकपत्रावर सही करण्याआधी त्या प्राण्याच्या वजनाची नोंद मागा. दुकानातल्या पिल्लाबद्दल विकणाऱ्यालाही फारसं काही ठाऊक नसतं. सेंटरमधल्या प्राण्याला मात्र कुणीतरी रोज खायला घातलेलं असतं. तो काय खातो, काय टाकतो, कुणाशी पटतं, उचलल्यावर चावतो का, हे त्या माणसाला तोंडपाठ असतं. ही माहिती आयती मिळते, आणि बहुतेक जण ती न विचारताच गोंडस चेहरा बघून घरी परततात.

पहिला प्रश्न: नर की मादी, आणि ते कुणी तपासलं? प्रश्न बाळबोध वाटतो, पण लहान वयात यात भलेभले चुकतात. गिनीपिगची मादी जेमतेम महिन्याची असतानाच गाभण राहू शकते, म्हणून नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की वेगळी काढावी लागतात. गिनीपिगचा गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, सशाचा साधारण ३१ दिवसांचा. सशाची मादी तर विते त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे एकाच घरातून सुटका केलेल्या मोठ्या कळपातली मादी असेल, तर नरापासून वेगळी कधी केली ती तारीख विचारा आणि दिवस मोजा. नाहीतर दोन आणलेले पुढच्या महिन्यात सात होतात.

नसबंदी झाली असेल तर कधी झाली, हेही महत्त्वाचं. नर सशाची नसबंदी झाली तरी तो लगेच निर्धोक होत नाही, सहा आठवडे मादीपासून लांब ठेवावा. मादी सशाची नसबंदी फक्त पिल्लं टाळायला नसते. ती केली नाही तर वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. सेंटरने हे ऑपरेशन आधीच करून दिलं असेल, तर दत्तक शुल्क जास्त वाटलं तरी सौदा तुमच्याच फायद्याचा आहे.

जोडी जमलेली असेल तर एकटा मागू नका. ससे आणि गिनीपिग सोबतीने राहणारे प्राणी आहेत, पण एकमेकांच्या सोबतीने नव्हे. सशाची एक लाथ गिनीपिगला जायबंदी करते, शिवाय सशाला काही न करणारे बोर्डेटेला जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करू शकतात. सीरियन जातीचा हॅमस्टर मात्र एकटाच ठेवायचा. दोन मोठे सीरियन हॅमस्टर एका पिंजऱ्यात म्हणजे रक्तपात.

आता प्रत्यक्ष बघणं. हातात घ्यायची घाई करू नका, पाच मिनिटं बाहेरूनच बघा. पाठ कुबडी करून, डोळे अर्धवट मिटून, गवताकडे ढुंकूनही न बघणारा ससा ‘शांत स्वभावाचा’ नसतो, बहुधा त्याचं पोट दुखत असतं. मग तिथल्या माणसालाच त्याला धरायला सांगा आणि पुढच्या पायांची आतली बाजू तपासा. तिथले केस चिकटून कडक झाले असतील, तर नाक वाहतंय आणि तो ते पायांनी पुसतोय. नाक स्वतः स्वच्छ दिसतं, म्हणून ही गोष्ट हमखास सुटते. हनुवटी ओली असेल तर दाताचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. मागच्या पायांचे तळवे लाल, केस गेलेले आहेत का बघा. शेपटीखाली घाण चिकटली असेल तर तिथे माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात, त्यावर लगेच उपचार लागतात. गिनीपिगचे केस फुंकर मारून बाजूला करा. कोंडा, टक्कल, खाजवून झालेल्या जखमा दिसल्या तर माइट्स (कातडीवरचे बारीक किडे) असू शकतात. यातलं काही सापडलं म्हणून प्राणी नाकारा असं नाही. औषध कुठलं चालू आहे आणि किती दिवस द्यायचं, ते लिहून घ्या.

पिंजरा आधी मांडून ठेवा, कारण बरीच सेंटर त्याचा फोटो मागतात. घरमालकाची परवानगी आहे का, घरात कुत्रा-मांजर आहे का, हेही विचारतात. राग मानू नका, त्या प्राण्याला माणसांनी एकदा सोडलेलंच असतं. दोन गिनीपिगना किमान १२० × ६० सेंटीमीटरची सलग जमीन लागते, मजले त्यात धरायचे नाहीत. सशांच्या जोडीला साधारण ३ × २ मीटर जागा द्या. दुकानात ‘सशाचा पिंजरा’ म्हणून विकतात तो फार तर लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) ठेवायला पुरतो. तळाला उघडी जाळी नको. लपायला प्रत्येकाला एक खोकं, त्याला दोन दारं, म्हणजे दबणारा प्राणी आत कोंडला जात नाही.

आणताना जोडी एकाच बॉक्समध्ये, खाली टॉवेल, भरपूर वाळलेलं गवत. सेंटरमधलं थोडं वापरलेलं गवत आणि आठवडाभराचे पेलेट (तयार खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) मागून आणा. पेलेटचा ब्रँड बदलायचा तर सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत जा.

पहिले दोन दिवस उचलाउचली बंद, पण खाणं आणि लेंड्या यांच्यावर बारीक नजर. सशाचं आणि गिनीपिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की गॅस धरतो, दुखतं, दुखतं म्हणून आणखी खात नाही. सशाने बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टर गाठा. गिनीपिगच्या बाबतीतही हाच नियम. लेंड्या बारीक, कोरड्या किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर तो आधीचा इशारा. काळपट, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखा मऊ पुंजका ससा थेट खातो, ते नैसर्गिक आहे. हा पुंजका न खाल्लेला तसाच पडून राहू लागला तर बहुतेक वेळा पेलेट जास्त होत असतात.

खाण्यात मुख्य टिमोथीसारखं वाळलेलं गवत, रोज निदान प्राण्याच्या अंगाएवढा ढीग. दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. सशाला पेलेट दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम मुतखड्याकडे नेतं. गाजर हा खाऊ आहे, जेवण नाही. गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, त्याला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीचा तुकडा हा सोपा मार्ग. पाण्यात टाकायचे थेंब घेऊ नका, ते लवकर निकामी होतात आणि चव बदलल्याने पाणी पिणं कमी होतं.

दर आठवड्याला एकाच वेळी किचनच्या काट्यावर वजन करा आणि सेंटरच्या नोंदीखाली लिहीत जा. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर. डॉक्टर लहान प्राण्यांचा अनुभव असलेला हवा. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या, गिनीपिगच्या, हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून प्राणीच मारू शकतं. कुत्र्यांवरचं फिप्रोनिल हे पिसवा-गोचिडांचं औषध सशाला घातक आहे. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायला सांगितलं तर दुसरा डॉक्टर शोधा; उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊ नये म्हणून, आणि ससा ओकूच शकत नाही.

हॅमस्टर आणि उंदरांचं थोडक्यात. हॅमस्टरला खोदायला २० सेंटीमीटर तरी बिछाना, आणि सीरियनला २८ सेंटीमीटर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक. जाळीच्या चाकात पाय अडकून मोडतो. उंदरांना देवदार-पाइनचा भुसा नको, त्यांची फुप्फुसं आधीच नाजूक असतात. डोळ्याभोवती लाल दिसलं तर घाबरू नका, ते रक्त नसून डोळ्यातून येणारा पोर्फिरिन नावाचा लाल रंग असतो, पण रोज दिसलं आणि श्वासाला घरघर असली तर दाखवून आणा. हे दोन्ही दोन-तीन वर्षं जगतात. गिनीपिग पाच ते आठ, ससा आठ ते बारा. मुलाच्या हट्टापायी ससा आणताय तर मूल कॉलेजला जाईल तेव्हा त्याचं कोण करणार, हे फॉर्म भरतानाच ठरवा. ‘सांभाळणं जमलं नाही तर प्राणी आमच्याकडेच परत आणा’ हे कलम करारात आहे ना, तेही वाचून घ्या.