शनिवार, मारुती आणि पाच हजार डॉलरचं केळं

सिंगापूरला सहा दिवस होतो. त्यातल्या पाच दिवसांत सेंटोसा, मुस्तफामधली खरेदी, बागा, रात्रीचे दिवे असं सगळं यथासांग झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे फोटो माझ्यापेक्षा बरे येतात. मला फक्त शनिवारच्या सकाळबद्दल लिहायचंय, कारण त्या सकाळवरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

ताई तिथं बरीच वर्षं राहते. शुक्रवारी रात्री म्हणाली, "तुला डोंगर लागतो ना, चल उद्या, आमचा डोंगर दाखवते." डोंगराचं नाव बुकित तिमा. बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी. उंची किती विचारलं तर म्हणाली, १६३.६३ मीटर. सिंगापूरमधली ही सगळ्यात उंच नैसर्गिक जागा. मी हसले. दर रविवारी सिंहगड चढणारी बाई मी. वरचे ६३ सेंटिमीटरसुद्धा मोजून ठेवणाऱ्या देशाची मला जराशी कीवच आली. आईला म्हटलं, "तूही चल. पर्वती चढतेस ना, तेवढंच समज." हे वाक्य मला दिवसभर ऐकवण्यात आलं.

ब्यूटी वर्ल्ड नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरलो. वाटेत पोहण्याचे तलाव असलेल्या उंच इमारती, कुंपणाला बोगनवेल, आणि त्याच रस्त्याच्या टोकाला एकदम जंगल. तिकीट नाही. पायथ्याचं स्वच्छतागृह इतकं कोरडं आणि स्वच्छ की आपल्या गडांच्या पायथ्याशी आजवर सोसलेलं सगळं आठवून मी दोन मिनिटं उगाचच तिथं उभी राहिले.

मग चढ. डांबरी रस्ता, पण अंगावर येणारा. दहाव्या मिनिटाला माझा टीशर्ट पिळून काढण्याइतका भिजला आणि बोलणं बंद झालं. विषुववृत्त इथून सुमारे दीडशे किलोमीटर. झाडाखाली ऊन लागत नाही, पण वारा म्हणून नाही. मे महिन्यातली दुपारची मुंबईची लोकल, फक्त माणसांच्या जागी झाडं. सिंहगडाला घाम येतो तो वाळतो तरी. इथला घाम अंगावरच राहतो. बाजूने सिंगापूरकर पाठीवर वजनं घेऊन वर जात होते, खाली येत होते, परत वर जात होते. सगळ्यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे. एवढं जंगल आणि एकालाही मान वर करावीशी वाटू नये, याचा मला फार राग आला. नंतर आठवलं की सिंहगडावर मीही वेळच लावते. गेल्या वर्षभरात वाटेवरचं एक झाड नावानिशी सांग म्हटलं तर मला सांगता येणार नाही.

मान वर केली तर मात्र काय झाडं आहेत! सेराया नावाचं झाड तिथं फार. खोड सरळ, वर कुठंतरी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीपर्यंत फांदीच नाही. बुंध्याशी भिंतीसारखी उभी मुळं, त्यांच्या आड एक माणूस सहज लपेल. भाऊजींना पाट्या मोठ्याने वाचून दाखवायची सवय आहे, तेव्हा इतिहास फुकटात मिळाला. एकोणिसाव्या शतकात या बेटावरचं बहुतेक जंगल मिरी आणि गॅम्बियरच्या मळ्यांसाठी साफ झालं. गॅम्बियर म्हणजे आपल्या काताच्या जातीतलाच पदार्थ. पानं उकळून काढायचा, त्यामुळे मळ्यासाठी एकदा जंगल जायचं आणि भट्टीच्या सरपणासाठी पुन्हा. "म्हणजे विड्यापायी गेलं म्हणायचं," आई म्हणाली. कात तिकडे पानात खात असले तरी कातडी कमवायलाही जायचा, असं भाऊजींनी दुरुस्त केलं. १८८३ साली जे थोडं उरलं होतं ते राखीव झालं. त्याआधी १८५४ मध्ये वॉलेस नावाचा इंग्रज इथं येऊन राहिला होता आणि दोनेक महिन्यांत त्याला भुंगेऱ्यांच्या सातशेच्या आसपास जाती मिळाल्या होत्या. तेव्हा इथं वाघ होते. आता राखीव जंगल १६३ हेक्टर. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या महामार्गाने ते शेजारच्या मोठ्या जंगलापासून तोडलं. मग २०१३ मध्ये त्याच महामार्गावरून प्राण्यांसाठी माती आणि झाडं लावलेला ६२ मीटरचा पूल बांधला. आधी तोडायचं, मग पूल बांधायचा. हे मात्र मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आईला वेगळाच प्रश्न पडला होता. तिचं माहेर कोकणात. तिथल्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हे ती लहानपणापासून पाळत आली. एक भला मोठा ओंडका आडवा पडलेला, शेवाळलेला, कुणीच नेला नव्हता. ती थांबून म्हणाली, "ही देवराईच की गं. इथला देव कुठला?"

"इथं देव नाही, आई," भाऊजी म्हणाले. "दंड आहे."

त्यांना काय ठाऊक, पुढच्या वळणावर हेच वाक्य त्यांच्या गळ्यात येणार होतं.

वर जाणाऱ्या पायऱ्या सुरू झाल्या आणि आई बसली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या ती अजून चढते, पण इथल्या पायऱ्या उंच, एकेक पायरी गुडघ्याची परीक्षा घेणारी. बाजूला आडोशाची जागा होती, तिथं टेकलो. पाणी प्यायलो. आणि आईने पिशवीतून केळी काढली. बारकी, सोनेरी, आपल्या वेलचीसारखी. आदल्या दिवशी लिटिल इंडियातून आग्रहाने घेतलेली. मला वाटलं भूक लागली असेल.

समोरच्या कठड्यावर माकडं येऊन बसली होती. लांब शेपटीची, करड्या रंगाची, एक तर पोटाशी पिल्लू धरलेली. आईने पायातली चप्पल काढली, केळं दोन्ही हातांत धरलं आणि उठली. तेव्हा मला उलगडलं. शनिवार होता.

"आई, नको!" भाऊजी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा ते सासूवर ओरडले असतील. माकडं दचकली नाहीत, आम्ही दचकलो. मग त्यांनी आवाज खाली आणून समजावलं की इथं वन्यप्राण्याला खाऊ घालणं गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडलात तरी ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

"रुपयांत किती?"

"तीन लाखांच्या वर."

"एका केळ्याला?"

"हो."

आईने केळ्याकडे बघितलं, मग माकडाकडे. "जावईबापू, मी काय अभक्ष्य घालत नाहीये त्याला. शनिवार आहे."

"आई, एकदा सवय लागली की ती माणसांच्या अंगावर येतात, पिशव्या ओढतात. मग त्यांचाच बंदोबस्त करावा लागतो. त्यांच्या भल्यासाठीच आहे. आणि हा मारुती नाही, साधं माकड आहे."

"ते मला शिकवू नका," आई म्हणाली. पुढे काही बोलली नाही, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे काय ते आम्हा दोघी बहिणींना चांगलं ठाऊक आहे.

भाऊजींचं बरोबर होतं. महाबळेश्वरला माकडाने माझ्या हातातून मक्याचं कणीस ओढून घेतलंय, नख लागून इंजेक्शनं घ्यावी लागली आहेत. तरी मला त्या क्षणी त्यांचाच राग आला. सत्तरीची बाई अनवाणी उभी आहे, हातात केळं, समोर तिचा देव, आणि मधे तीन लाख रुपये. ताई झाडांकडे बघत होती. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, उघडत होते.

मोठा नर कठड्यावरून खाली उतरला. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना बरोबर कळतो. "आत ठेवा, आत ठेवा," भाऊजी. पण सोललेलं केळं पिशवीत कसं ठेवणार? शेवटी आईने काय करावं, तिने माकडांकडे पाठ केली, ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि तिच्याआड लपून ते केळं भराभर खायला लागली. शनिवारी. मारुतीपासून चोरून. मला हसू येत होतं आणि घशात काहीतरी अडकलंही होतं.

तोंडात केळं असतानाच ती म्हणाली, "हे झाडाला काय लावलंय गं?"

"काय?"

"हे बघ की. गोणपाट बांधल्यासारखं."

दोन-अडीच पुरुष उंचीवर खोडाला खरंच राखाडी-हिरवट, शेवाळाचे ठिपके असलेलं फडकं चिकटलं होतं. मला ती सालच वाटली. मग फडक्याला कान दिसला. मग एक मोठा, गोल, ओलसर डोळा. आणि सगळ्यात शेवटी, फडक्याच्या कडेतून आणखी एक चिमुकलं डोकं बाहेर आलं, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेलं.

कोलुगो. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत अंगाला कातडीचा पडदा असतो, तो पसरून हा प्राणी रात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. दिवसभर असा खोडाला चिकटून. पिल्लाला त्याच पडद्याच्या झोळीत धरतो. शेकरूशी किंवा उडत्या खारीशी नातं नाही. नातं असलंच तर माकडांशी आणि आपल्याशी जवळचं. हे सगळं मी रात्री वाचलं. तेव्हा आम्ही चौघं फक्त तोंड उघडं टाकून बघत होतो. वजनं घेऊन जाणारा एक म्हातारा चिनी माणूस आमच्या माना बघून थांबला. त्याने बोट ओठावर ठेवलं, पाठीवरचं ओझं हळूच खाली ठेवलं आणि आमच्यात येऊन उभा राहिला. माकडं कधी गेली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आईच्या पायात अजून चप्पल नव्हती.

बाकीचं थोडक्यात. माथ्यावर एक मोठा दगड आहे, त्यावर उंची कोरलेली, आणि फोटोसाठी रांग. झाडी दाट, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. उतरताना जुनी खाण बघितली. दगड काढून झालेला खोल खड्डा, आता हिरव्या पाण्याने भरलेला. वेताळ टेकडीच्या खाणीची फार आठवण झाली. एक भृंगराज आपल्या शेपटीच्या दोन पताका नाचवत समोरून गेला, तो तर आपल्याकडचाच. आईचे गुडघे उतरताना जास्त दुखले, आणि "पर्वतीएवढंच" हे दर वळणावर एकदा झालं. खाली फूड सेंटरमध्ये उसाचा रस प्यायलो. भाऊजींनी आईसाठी दुसरा ग्लास न विचारता आणला. तिने तो प्यायला, पण थँक्यू म्हणाली नाही.

रात्री मावशीला व्हिडिओ कॉल लावला. आईने माझा फोन घेऊन त्यातला फोटो तिच्या फोनसमोर धरला.

"कुठंय?" मावशी.

"अगं, ते काय. गोणपाट."

"मला नुसतं झाड दिसतंय."

"नीट बघ. डोळा बघ आधी."

"झाडच आहे गं ते."

"चष्मा लाव," आई म्हणाली, आणि फोन आणखी जवळ धरला.