बिनबिल्ल्याची फ्रेम

जुन्या बाजारात सायकल विकणारा तिचं नाव सांगताना हमखास चेनव्हीलकडे, म्हणजे पेडलच्या दातेरी चाकाकडे, बोट दाखवतो. कुंभारवेशीजवळ रविवारी भेटलेल्या माणसानेही तेच केलं. "काका, अस्सल बीएसए आहे, तीन बंदुकावाली. चेनव्हील बघा की!" चेनव्हीलमध्ये ती तीन अक्षरं कापलेली होती, हे खरंच. बाकी सगळीकडे काळ्या ऑइलपेंटचे थर. पुढच्या नळीवर बिल्ल्याच्या जागी रिव्हेटची नुसती भोकं. फ्रेमची चाल मला आवडली, म्हणून घेतली. चेनव्हीलसाठी नव्हे. मग ही फ्रेम मुळात कुणी बनवली, ते शोधायला बसलो.

बीएसए ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून बिल्ल्यावर तीन बंदुका. सायकलीत शिरल्यावर तिने स्वतःच्या सायकली काढल्याच, शिवाय हब, क्रँक, ब्रॅकेट असे सुटे भागही इतर सायकलवाल्यांना विकले. म्हणजे खुद्द इंग्लंडमध्येच भलत्याच फ्रेमवर बीएसएचं सामान चढलेलं असायचं. त्यात ही पुण्याची सायकल! इथे भाड्याच्या दुकानात मागचं चाक एका सायकलीचं, क्रँक दुसरीचा, मडगार्ड तिसरीचं, हे रोजचं. त्यामुळे माझा नियम साधा आहे: पान्याने जे निघतं, त्याची साक्ष घ्यायची नाही.

सीटखालच्या लगवरचा, म्हणजे नळ्यांच्या जोडावरचा, रंग खरवडल्यावर आकडे निघाले. पण ते दोन वेगवेगळ्या पंचांनी ठोकलेले. एक रांग सरळ, कारखान्याची वाटावी अशी. दुसरी वेडीवाकडी, बहुधा भाड्याच्या दुकानाची. आणि नाव माहीत नसताना नंबराला फारसा अर्थ नसतो, कारण प्रत्येक कारखान्याची रांग वेगळी.

मग वळलो ते आट्यांकडे. आयुष्य टूलरूममध्ये गेलंय, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात गोड. क्रँकचा अॅक्सल ज्या आडव्या नळीत फिरतो ती ब्रॅकेट. तिच्या दोन्ही तोंडांना आटे असतात आणि त्यांत बेअरिंगचे कप बसतात. बीएसएचं माप १.३७० इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. पुढे बहुतेकांनी हेच उचललं. नॉटिंगहॅमची रॅले मात्र १.३७५ इंच आणि इंचाला २६ आटे धरून बसली. व्यासात फरक फक्त पाच हजारांश इंचाचा, म्हणून २४चा कप २६मध्ये सुरुवातीला गुमान शिरतो, दोन-तीन फेऱ्यांनी अडतो आणि मग आपला मेकॅनिक लांब दांड्याचा पाना आणतो. या फ्रेमच्या डाव्या बाजूची नेमकी हीच गत झाली होती. आटे निम्मे चघळलेले. उजवी बाजू मात्र वाचली होती. तिकडचा कप उलट्या आट्यांचा आणि सहसा कुणी काढत नाही. तोही डिझेलमध्ये भिजवून, व्हाइसमध्ये कप पकडून अख्खी फ्रेम फिरवली तेव्हा सुटला.

पिच गेजचं, म्हणजे आटे मोजायच्या दातेरी पानांच्या जुडग्यातलं, २४चं पान लावलं, तर अर्ध्या इंचात एक आटा चुकत होता. २६चं लावलं आणि ते बसलं. (माझं गेज व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचं, म्हणजे आट्याचा कोन ५५ अंशांचा. सायकलचा आटा ६० अंशांचा. त्यामुळे पान तळापर्यंत टेकत नाही, पण मोजणीला तेवढं पुरतं.) पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांड्याचे आटेही २६च निघाले, एरवी तिथे बहुतेक इंग्लिश सायकलवाले २४ घेत.

चिमट्याच्या माथ्यावर पेंट रिमूव्हर लावला, तर दोन्ही पायांच्या वर क्रोमच्या गोल टोप्या निघाल्या. ही रॅलेची जुनी खूण. हंबर असती तर प्रत्येक पाय दुहेरी नळीचा असता. हंबर १९३२ साली रॅलेने घेतली खरी, पण तो दुहेरी चिमटा नंतरही ठेवला. चिमटाही पान्याने निघतोच, हे मान्य. पण त्याचे आटे आणि ब्रॅकेटचे आटे एकच गोष्ट बोलत असतील, तर मी ऐकतो.

आता विकणाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मी दाबून ठेवणार नाही. १९५७ साली बीएसएने आपला सायकलचा धंदा रॅलेला विकला. त्यानंतर बीएसएचा बिल्ला लावून नॉटिंगहॅममधून निघालेल्या सायकली आहेत. १९६० नंतर तर फिलिप्स आणि हर्क्युलिसही त्याच छत्राखाली आल्या. माझ्या फ्रेमवर एकेकाळी तीन बंदुका होत्याही असतील! पण बिल्ला कुणाचा आणि नळ्या कुणी जोडल्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मला दुसऱ्यात रस आहे आणि त्याचं माझं उत्तर रॅले. "इंग्लंडची" हे विशेषण मात्र मी लावत नाही, कारण आसनसोलला सेन-रॅलेनेही त्याच नावाने सायकली काढल्या आहेत.

बाजारात रॅलेचे, बगळ्याच्या तोंडाचे कोरे बिल्ले मिळतात, रिव्हेटसकट. लावणार नाही. बीएसएचं चेनव्हील राहू देणार आहे, दात चांगले आहेत त्याचे. खरी अडचण डाव्या कपाची. २६चा मिळाला तरी चघळलेल्या आट्यांत धरणार नाही. तेव्हा तोंड किंचित मोठं करून, नव्याने २६चेच आटे पाडून, त्या मापाचा कप लेथवर काढायचा बेत आहे. भोसरीतला एक जुना सहकारी मशीन द्यायला तयार आहे. रविवारी त्याची पाळी नसते.