हसू आलं आणि मग गिळलं
आज सकाळी ग्रुपवर एका अपघाताच्या बातमीवरचा जोक आला, बातमी येऊन तासही झाला नसेल, आणि खरं सांगते मला आधी हसू आलं, मग खाली बातमी पूर्ण वाचली तर अजून शोध चालूच होता. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. जून 2023 मधे टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली टायटन पाणबुडी बेपत्ता झाली तेव्हाही असंच, आत 5 माणसं, त्यात एक 19 वर्षांचा मुलगा, आणि शोध संपायच्या आधीच मीम्सचा पाऊस. पाणबुडीच्या कंपनीने सेफ्टीकडे दुर्लक्ष केलं यावर बोचरं लिहा ना, हवं तेवढं लिहा, ते हवंच. पण त्या मुलावर कशाला? मला वाटतं प्रश्न "किती लवकर" एवढाच नाहीये, जोक कोणावर पडतोय तो खरा प्रश्न. खुर्चीतल्या माणसावर पहिल्या मिनिटाला केला तरी चालेल, पण ज्याच्या घरचे अजून फोनची वाट बघतायत त्याच्यावर वर्षभरानेही मला नाही जमणार. संध्याकाळी ग्रुपवर एवढंच लिहिलं, प्लीज तो जोक डिलीट कर. त्याने केला.