बिल्बोच्या खिशातील अंगठी

नाशिकच्या ज्या वाचनालयात मी बालविभाग सांभाळते, तेथे शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पंचवटीतील आणि जुन्या नाशकातील मुले कथावाचनाला येतात. त्या शनिवारी मी टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीचे पाचवे प्रकरण मराठीत सांगत होते. डोंगराच्या पोटात वाट चुकलेला कादंबरीचा नायक बिल्बो आणि तेथील तळ्यात राहणारा गॉलम यांच्यात कोड्यांची पैज लागते. बिल्बो जिंकला तर गॉलमने त्याला बाहेरची वाट दाखवायची, हरला तर त्याला खाऊन टाकायचे. पांडवलेणी पाहिलेल्या मुलांना गुहेतील काळोख समजावून सांगावा लागला नाही, आणि अंड्याचे कोडे तर त्यांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच सोडवले.

पुढे कोडे सुचेनासे झालेला बिल्बो खिसा चाचपतो, नुकतीच सापडलेली अंगठी हाताला लागते आणि ‘माझ्या खिशात काय आहे?’ असे तो स्वतःशीच म्हणतो. गॉलम त्यालाच कोडे समजतो आणि हरतो. तेवढ्यात सहावीतील एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, हे कोडं नाहीच. ही चीटिंग आहे.” त्यावर एका मुलाने बजावले, “गॉलमनं उत्तरासाठी तीन संधी मागितल्या ना? म्हणजे त्यानं प्रश्न मान्य केला!” मग सगळेच वाद घालू लागले.

मी त्यांना सांगितले, की हा प्रश्न नियमात बसत नाही हे पुस्तकातील निवेदकही कबूल करतो. 1937 च्या पहिल्या आवृत्तीत गॉलमने स्वतःच पैजेत बक्षीस देऊ केले होते आणि ते बक्षीस म्हणजे हीच अंगठी होती. 1951 च्या आवृत्तीसाठी टोल्किन यांनी हे प्रकरण बदलले. ड्रॅगन आणि खजिना मुलांना हवाच असतो, परंतु माझ्या मते या कादंबरीची खरी ओढ अशा जागांत आहे, कारण येथे नायकाच्या बाजूने असूनही त्याच्या वागण्याचा न्याय वाचकाला स्वतः करावा लागतो, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ही जबाबदारी फार आवडते.

ती जादूची अंगठी घालून अदृश्य झालेला बिल्बो हातात तलवार असूनही केवळ दयेपोटी गॉलमला मारत नाही, हे ऐकल्यावर ती मुलगी खाली बसली. पण पुढच्या प्रकरणात तो प्रवासातील आपल्या सोबत्यांना, म्हणजे बुटक्यांना, सुटकेची हकीकत सांगताना अंगठीचा उल्लेख गाळतो, तेथे ती पुन्हा उठली, “मग लपवली का?” या वेळी तिला विरोध करणारा मुलगाही तिच्याच बाजूने बोलू लागला.