सोयाबीनच्या देठातली झडप

आज करवीरातल्या आमच्या रानात सोयाबीनची भांगलण चालली होती. खुरप्याखाली एक रोप कापलं गेलं. तुटल्या देठाला बोट लावलं, तर नुसती ओल. "काय बघालाईस रं एवढं?" काकींनी विचारलं. मग सरीत बसूनच त्यांना फोरिसोम समजावून सांगितला.

शेंगवर्गीय झाडांत साखर वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्यांत हे चातीसारखं निमुळतं प्रथिन असतं, मिलिमीटरच्या जेमतेम काही शतांशाएवढं. इजा झाली की आत कॅल्शियम शिरतं आणि फोरिसोम क्षणात आखूड होऊन फुगतो, नळी बुजवतो. कॅल्शियम काढून घेतलं की पुन्हा पहिल्यासारखा! आपल्या स्नायूंना आकसायला एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं इंधन, लागतं, याला तेही लागत नाही. हे मला फार मोठं वाटतं.

शास्त्रज्ञ मायकेल नोब्लाऊख आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे 'नेचर मटेरियल्स' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. केसाहून बारीक वाहिन्यांच्या चिपमध्ये वीज, मोटर काही नसताना उघडझाप करणारी झडप म्हणून ते वापरता येईल, ही त्यामागची कल्पना. अबईच्या वेलात तर फोरिसोम चांगले मोठे असतात, आणि अबई आमच्या परड्यात कुंपणावर चढलेली आहे. विद्यापीठात सूक्ष्मदर्शक हाताळणारं कुणी ओळखीचं असेल तर सांगा, देठ घेऊन येतो.